सलीम शेखच्या तीन ओळी

सलीम शेख गेल्याचं मला आमच्या संस्थेतल्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कळलं. दारव्ह्याच्या कुणीतरी बातमी टाकली होती. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, एवढंच. खाली हात जोडलेली चित्रं येत गेली. मग एकाने विचारलं, हा कोणता सलीम? दुसऱ्याने लिहिलं, "तोच, ज्याच्यामुळे सतरा मुलींचं वसतिगृह हुकलं." मी उत्तर लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या.

त्या मुलींचं वसतिगृह माझ्यामुळे हुकलं. हे आधीच सांगून टाकतो. माझं वय आता सत्तर आहे आणि पुढे कधीतरी सांगू असं म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

आमची संस्था यवतमाळला मुलींचं वसतिगृह चालवते. जिल्ह्यातल्या खेड्यांतून दहावी झालेल्या मुली अकरावी-बारावीसाठी तिथे राहतात. ज्या गावांतून शहरात रोज ये-जा होत नाही, तिथल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली तर ती शिकते, नाही मिळाली तर घरी बसते. घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथे कार्यालय अधीक्षक होतो. लोक मला मोठे बाबू म्हणत. निवृत्तीनंतरही दर मे महिन्यात मला एक वर्षाची मुदतवाढ मिळे, आणि ती अध्यक्षांच्या सहीने मिळे.

सलीम आमच्याकडे संगणकाचं काम बघायला होता. चाळिशीचा, उंच, जरा पोक काढून चालणारा. दारव्ह्याला त्याच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं आणि तारुण्यातली काही वर्षं त्यानेही तिथे काढली होती. संगणक तो कुठल्या तरी सहा महिन्यांच्या वर्गात शिकला होता. काम कसं करायचं ते मात्र वडिलांकडून शिकला होता. गाडी बिघडली म्हणून गिऱ्हाईक आलं, की त्याचे वडील काय झालं असं विचारत नसत. "चालवून दाखव" म्हणत आणि मागच्या सीटवर बसत. एक चक्कर मारून येईपर्यंत तोंड उघडत नसत.

"गिऱ्हाईक सांगते बिरेक लागत नाई," सलीम सांगायचा. "अब्बा मांगं बसले की कळते, बिरेक चांगला हाये, हा गडी पाय चुकीच्या जागी ठेवून राह्यला. अन् पाय तिथं काहून ठेवते? त पायदान वाकडं हाये. मंग पायदान सरळ करायचं. गड्याले शिव्या देऊन काय होते?"

तो हे वाटेल तिथे लावायचा. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंच्या खोलीबाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती आणि भेटायला येणारा प्रत्येक पालक चपलांसकट आत शिरायचा. बाई रोज चिडायच्या. सलीम एक दुपारभर समोरच्या ओट्यावर नुसता बसून राहिला. संध्याकाळी त्याने पाटीला हात लावला नाही. दाराच्या आत असलेलं पायपुसणं उचललं आणि दोन पावलं अलीकडे, बाहेर आणून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून चपला बाहेर निघू लागल्या. बाईंनी त्याला विचारलं, हे कसं काय केलं? म्हणाला, "मी काई नाई केलं, मॅडम. लोकं कुठं थांबतात ते पाहून राह्यलो होतो."

आम्ही त्याची थट्टा करायचो. हिशेबाच्या टेबलावरचे ठाकरे म्हणायचे, "सलीमभाई, सरकारनं तुले पगार देऊन गावोगाव ओट्यावर बसवलं पाहिजे." सलीम म्हणायचा, "बसतो नं. उशी पाठवा फक्त."

तोपर्यंत वसतिगृहाचे अर्ज कागदावर असत. पालक खिडकीशी येत, मी अर्ज बघे, इथे सही राहिली, इथे दाखला जोडा, असं सांगे आणि तिथेच सगळं पुरं होई. मग एका वर्षी अध्यक्षांनी ठरवलं, अर्ज ऑनलाइन. नागपूरच्या एका कंपनीने संकेतस्थळ करून दिलं. प्रत्येक पानावर वर अध्यक्षांचा हात जोडलेला मोठा फोटो होता. संकेतस्थळ चालू झालं होतं, उद्घाटन मात्र अध्यक्षांच्या वाढदिवसाला ठरलं आणि मला सांगण्यात आलं, शेखकडून एकदा तपासून घ्या आणि चाचणी झाल्याच्या पत्रावर तुम्ही सही करा.

आम्हाला वाटलं, सलीम स्वतः फॉर्म भरून बघेल, दहा मिनिटांचं काम. तो म्हणाला, "मी तपासून काय उपयोग, बाबूजी? मले येते."

"मग कोण तपासणार?"

"ज्याले येत नाई तो. पाच मानसं द्या मले. पाच बस झाले. सहावा आला त त्याले चहा पाजा नं घरी पाठवा, तो तेच सांगते."

पहिल्यांदा त्याने शेवंताबाईंना बसवलं. त्या वसतिगृहात स्वयंपाक करत आणि त्यांच्या बहिणीच्या मुलीला तेव्हाच अकरावीला यायचं होतं. सलीमने खुर्ची पुसली, रुमालाने माऊस पुसला आणि त्यांना म्हणाला, "काकू, तुम्ही भरा. तुमची परीक्षा नाई, या पानाची परीक्षा हाये. मी काई सांगणार नाई, रागावू नका." मग स्टूल ओढून त्यांच्या जरा मागे बसला. तोंडात एक लवंग ठेवली, म्हणजे बोलावंसं वाटत नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, म्हणजे माऊस हिसकावून घ्यावासा वाटत नाही. मीही दाराशी उभा राहिलो.

शेवंताबाई सातवी शिकलेल्या, मोबाइल वापरणाऱ्या. त्यांनी नाव भरलं, गाव भरलं. जन्मतारखेपाशी अडल्या आणि वळून सलीमकडे बघितलं. सलीम हसला फक्त. त्यांनीच वाट काढली. शेवटच्या पानावर आल्या. त्या पानावर आधी अध्यक्षांचा फोटो, मग ‘जतन करा’ असं हिरवं मोठं बटण, आणि त्याखाली भरलेला सगळा अर्ज पुन्हा छापलेला. बाईंनी हिरवं बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘आपली माहिती जतन झाली आहे. धन्यवाद.’ वर पुन्हा अध्यक्ष, हात जोडून. शेवंताबाईंनीही हात जोडले आणि उठल्या.

"झालं बापा एकदाचं," म्हणाल्या आणि पोळ्या टाकायला निघून गेल्या.

सलीमने लवंग काढली. "पाह्यलं, बाबूजी? ही पोट्टी घरीच राह्यली."

मला कळलं नाही. त्याने दाखवलं. अर्ज खरोखर पाठवायचं बटण त्या छापलेल्या अर्जाच्याही खाली, पानाच्या अगदी तळाशी होतं. राखाडी, लहान, ‘सादर करा’ असं लिहिलेलं. हिरवं बटण दाबल्यावर अर्ज भरणाऱ्याजवळच राही, आमच्याकडे येत नसे. फोटो इतका मोठा होता, की लहान पडद्यावर पान तिथेच संपल्यासारखं दिसे.

मी म्हणालो, "खाली बघायला पाहिजे होतं त्यांनी. लक्ष नाही दिलं."

"मानूस नाई चुकला, बाबूजी. पान चुकलं. साहेब सोता हात जोडून धन्यवाद म्हणून राह्यले, त्याच्यावर कोणती बाई खाली पाह्यते?"

नंतर त्याने शेवंताबाईंना स्वयंपाकघरातून परत बोलावलं आणि अर्ज पाठवून दिला. हा त्याचा नियम होता. बघताना मदत करायची नाही, पण उठून गेलेल्या माणसाला तसं सोडायचंही नाही.

बाकीचे चार त्याने कळंबला गाठले. चतुर्थीचा दिवस होता, चिंतामणीच्या दर्शनाला खेड्यापाड्यातून माणसं आली होती आणि रस्त्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गर्दी होती. सलीम सकाळी एसटीने गेला, दुकानदाराशी दोस्ती केली, चार पालकांना स्वतःच फॉर्म भरू द्यायला लावलं आणि दिवसभर स्टुलावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याने मला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरची टिपणं दाखवली. ‘इथे थांबला.’ ‘इथे मुलीला विचारलं.’ ‘इथे माझ्याकडे पाहिलं.’ आणि चारही टिपणांच्या शेवटी एकच वाक्य, ‘हिरवं दाबलं, उठला.’

"एका बापानं काय केलं सांगू?" तो म्हणाला. "धन्यवादचं पान छापून घेतलं, अन् बाजूच्या दुकानातून त्याले लॅमिनेशन करून आणलं. साहेबाचा फोटो हाये, मुलीचं नाव हाये, धन्यवाद हाये. मले दाखवते, म्हणते, भाऊ, आता पावसात नेलं तरी भेव नाई. त्याले सांगताना माझी जीभ उचलेना."

त्याही चौघांचे अर्ज त्याने तिथेच बसून पाठवले. पाचही मुलींना पुढे जागा मिळाली.

मग त्याने मला एक कागद दिला. अहवाल लिही, असं मी सांगितलं होतं. मला चार-पाच पानं अपेक्षित होती. त्यावर तीन ओळी होत्या, सुवाच्य अक्षरात:

‘१. साहेबांचा फोटो खाली घ्यावा.
२. सादर करायचं बटण वर आणून हिरवं करावं, दुसरं काढून टाकावं.
३. अर्ज पोचला नसेल तर धन्यवाद म्हणू नये.’

खाली तारीख आणि सही.

मी तो कागद घेऊन अध्यक्षांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलो. आत वाढदिवसाच्या तयारीचं बोलणं चाललं होतं. फोटो खाली घ्या, हे मी कसं सांगणार होतो? मे महिना होता. माझ्या मुदतवाढीचा कागद आतल्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. वीस मिनिटं बसलो आणि उठलो. सलीमचा कागद माझ्या कपाटात, जुन्या परिपत्रकांच्या फाइलमध्ये ठेवला. मग टंकलेखन करून घेतलं, ‘संकेतस्थळाची चाचणी घेण्यात आली असून ते सुलभ व निर्दोष आढळले’, आणि सही केली.

मी कुणाला फसवायला निघालो नव्हतो. आठ-पंधरा दिवसांनी, उद्घाटनाची गडबड ओसरली की सांगू, असं मनात होतं. सलीम रोज सकाळी विचारायचा, "बाबूजी, पान बदललं का?" मी म्हणायचो, "कागद वर पाठवलाय. कंपनीकडे आहे." तो मान हलवून आपल्या टेबलाशी जायचा. एकदा म्हणाला, "जल्दी करा म्हणा त्यायले. रोज कोणी ना कोणी धन्यवाद घेऊन घरी जाऊन राह्यलं." मी हो म्हणालो.

तारीख संपली. यादी लागली. प्रवेशाच्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी लोक जमले होते, ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, तेल लावून वेण्या घातलेल्या मुली. त्यातल्या सतरा जणींची नावं यादीत नव्हती. त्यांच्या बापांच्या हातात कागद होते. काही घडी घातलेले, काही प्लास्टिकच्या पिशवीत, काही लॅमिनेशन केलेले. कुणी भांडलं नाही. एक जण तर मलाच म्हणाला, "साहेब, आमचंच काही चुकलं असन, पण एकडाव पाहून द्या." जागा भरल्या होत्या. मी बघितल्यासारखं केलं. दुपारपर्यंत ट्रंका परत जीपच्या टपावर चढल्या.

चार दिवसांनी एका वर्तमानपत्रात बातमी आली आणि अध्यक्षांनी बैठक बोलावली. चाचणी कुणी केली होती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "चाचणीचं काम शेखकडे होतं." ते खरं होतं.

सलीम उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. "साहेब, मी लिहून देल्लं होतं. तीन गोष्टी होत्या. बाबूजींनी तो कागद पाठवला हाये." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पाठवला होता नं, बाबूजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माझ्याकडे असा कुठलाही कागद आलेला नाही."

सलीम खाली बसला. बैठक संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर मला सोसलं असतं. तो फक्त बघत होता, मी कुठे थांबतो ते.

त्याला महिनाअखेर काढून टाकलं. मला मुदतवाढ मिळाली, पुढच्या वर्षीही मिळाली. फोटो तिथेच राहिला. शेवटी पालकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा अर्ज पुन्हा कागदावर घ्यायला सुरुवात झाली आणि संकेतस्थळाबद्दल कुणी बोलेनासं झालं.

शेवटी मुदतवाढही संपली आणि रिकाम्या दिवसांत ते सगळं अंगावर यायला लागलं. पत्नीला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मले काऊन सांगता? त्याले सांगा." त्याला सांगायला मला आणखी दीड वर्ष लागलं.

अध्यक्षांच्या नावाने मी एक पत्र लिहिलं, सगळं खरं खरं, आणि ते दाखवायला दारव्ह्याला गेलो. जीप स्टँडजवळ टिनाच्या शेडमध्ये सलीमने टेबल मांडलं होतं, एक संगणक, एक प्रिंटर. लोकांचे ऑनलाइन अर्ज तो स्वतः भरून देत होता. मला ओळखलं, खुर्ची दिली, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. पत्र त्याने सावकाश वाचलं.

"हे अध्यक्षाले पाठवता?"

"हो."

"ते वाचतीन अन् फाडतीन. माझं काय, मले नोकरी परत पाहिजे नाई." त्याने पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "बाबूजी, त्या सतरा बापांयले अजून वाटते, आपुनच चुकीचा कागद काढला. पोट्टीचं वाटोळं आपल्या हातानं झालं असं वाटते त्यायले. द्यायचंच असन त त्यायले द्या."

त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हते. त्याच्याकडे होते. नोकरी गेल्यावर त्याने त्या मुलींना दुसरीकडे कुठे जागा मिळते का ते बघायला गावोगाव चकरा मारल्या होत्या. दोघींना उमरखेडला मिळाली. बाकीच्यांचं काही झालं नाही. सतरा नावं त्याने मला एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून दिली.

पहिल्यांदा मी ढाणकीच्या पुढच्या एका खेड्यात गेलो. बाप घरीच होता. मी सांगितलं, तुमची चूक नव्हती, माहीत असून मी चुकीच्या पानावर सही केली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून आपला लॅमिनेशन केलेला कागद घेऊन आला.

"नाई साहेब," तो म्हणाला. "तुमी मोठ्या मनाचे म्हणून म्हणता. हे पाहा, याच्यावर लिहिलंच हाये, माहिती जतन झाली. पाठवली असं कुठं लिहिलं? मीच वाचलं नाई नीट." मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो ऐकेना. मुलीचं विचारलं तर म्हणाला, पुसदकडे दिली, एक लेकरू आहे. निघताना तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी त्याला धड धरूही शकलो नाही.

हे सांगायला मी पुन्हा दारव्ह्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. सलीमच्या टेबलापुढे बायांची रांग होती. मी उभ्या उभ्याच त्याला ते सगळं सांगितलं, तो बाप मानायला तयार नाही, आता काय करू?

"सोळा राह्यले," सलीम म्हणाला आणि समोरच्या बाईला तिच्या मुलीचं नाव विचारलं.

त्यानंतर मी आणखी चार जणांकडे जाऊन आलो आहे. एकाने दारातूनच परत पाठवलं, एकाने चहा पाजला, दोघांना काही आठवेना किंवा आठवायचं नव्हतं. बारा राहिले आहेत. पण सलीमला मी शेवटचं पाहिलं ते त्या बाजाराच्या दिवशीच.

यवतमाळची जीप भरली नव्हती. नऊ सवाऱ्या झाल्याशिवाय ती हलत नाही, आणि मी चौथा होतो. खिडकीतून शेड समोरच दिसत होती, मध्ये वीस-पंचवीस पावलं आणि सीताफळांची एक गाडी. तोपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं होतं, कागद कुठे ठेवला, सही कधी केली, बैठकीत काय बोललो. माझं चुकलं, मला माफ कर, एवढंच म्हटलं नव्हतं. उतरून म्हणायला अर्धा तास हातात होता. मी बसून राहिलो. तो एका म्हातारीचा आधारचा कागद डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा मोठ्याने वाचत होता आणि ती प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. पाचवी सवारी आली, सहावी आली. म्हातारी गेली, तिच्या जागी एक मुलगी बसली. मग एकदम तिघं आली आणि ड्रायव्हरने बाहेरून दार लावून घेतलं.